गारगोटीची फ्लॉपी

९ फेब्रुवारी १९८७, सोमवार

यज्ञेश्वर साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. निवड मंडळाचं काम आपल्या कॉम्प्युटर केंद्राला मिळालंय आणि ते मी करायचंय. प्राथमिक शिक्षकांच्या भरतीचे अर्ज, साऱ्या जिल्ह्याचे, साडेतीन हजारांवर.

काम असं आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि गारगोटी अशा चार ठिकाणी नवे कॉम्प्युटर बसवलेत. तिथं अर्ज टाइप होतात आणि फ्लॉप्या आपल्याकडे येतात. पण निवड करणारं यंत्र पुण्यात, पंधरा वर्षांपूर्वीचं, एका खोलीएवढं. त्याला फ्लॉपीतलं काही कळत नाही. त्याला सगळं जुन्या पंचकार्डाच्या बेतानं द्यावं लागतं. एका माणसाची एक ओळ, ओळीत ऐंशी रकाने, एक कमी नाही की एक जास्त नाही.

"साळोखे, लोक जुन्याचं नवं करतात. आपल्याला नव्याचं जुनं करायचंय," साहेब म्हणाले. "जमेल?"

जमेल म्हणालो. दोन वर्षं झाली, अजून हंगामीच आहे मी. हे नीट पार पडलं तर कायम करतो असं साहेब म्हणाले.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. शालनचा अर्ज याच भरतीत आहे. सांगायला हवं होतं का? माझ्या हातात निवड थोडीच आहे. मी नुसता ओळी मांडणार.

१४ फेब्रुवारी

पुण्याहून रकान्यांचा तक्ता आला. पहिल्या सहांत अर्जाचा क्रमांक. मग चोवीस रकाने नावाला. त्यात मावलं नाही तर पुढचं तोडायचं. मग सहा जन्मतारखेला, तीही उलटी: आधी साल, मग महिना, मग दिवस. एक जुलैला अठ्ठावीस पुरी झालेली असली की यंत्र ती ओळ आपोआप बाजूला काढतं. पुढे शिक्षण, गुण, तालुका.

आमच्या कॉम्प्युटरवर नाव कितीही लांब चालतं. इथं मात्र माणूस दाबून बसवावा लागतो. दिवसभर तेच चाललंय. डोळे दुखतात, पण मजा येते.

२२ फेब्रुवारी, रविवार

शालन आली होती. मावशीला भेटायचं निमित्त करून गारगोटीहून सकाळच्या गाडीनं. रंकाळ्यावर तासभर बसलो. ती तिथल्या बालवाडीत शिकवते. मुलं तिला "शालनताई, शालनताई" करून पदर ओढतात, ते सांगताना स्वतःचाच पदर ओढून दाखवत होती. मग पदर सोडला.

"दादा म्हनत हुता, शिरोळचं एक स्थळ हाय. चांगली मानसं हाईत म्हनं."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, हंबीरराव. वडील गेल्यापासून घर तोच बघतो.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार मी? येत्या सप्टेंबरात अठ्ठावीस पुरी हुत्यात मला. किती दिवस नगं नगं म्हनू? तुमी एकदा या की घरी. दादाला भेटा. तो काय वाघ न्हाय."

मी म्हणालो, निकाल लागू दे. अक्काचं, माझ्या आईचं, एकच म्हणणं आहे: तुझी नोकरी हंगामी, तेव्हा सून तरी नोकरीवाली हवी. शालनला शाळा मिळाली की अक्काला बोलायला जागाच उरणार नाही. यादी लागली की दुसऱ्या दिवशी गारगोटीच्या गाडीत बसतो.

"नक्की?"

"नक्की."

"आनि न्हाईच लागलं माझं नाव तर?"

ऐंशी टक्के गुण आहेत तिला. मी हसलो. ती हसली नाही.

५ मार्च

आज एक अडचण निघाली आणि तासाभरात सोडवली. स्वतःवर खूश आहे.

हे नवे कॉम्प्युटर अमेरिकन वळणाचे. त्यांना तारखेत आधी महिना, मग दिवस लागतो. बाकीच्या तिन्ही ठिकाणच्या टाइपिस्टांनी त्याच वळणानं टाइप केलंय. गारगोटीच्या फ्लॉपीवर मात्र २३-०६, १७-११ अशा तारखा दिसल्या. तेविसावा महिना कुठून येणार? म्हणजे तिथं काही तारखांत दिवस आधी पडलाय. मी नियम घातला: पहिला आकडा बाराच्या वर असेल तर तो दिवस धरायचा, नाहीतर नेहमीसारखा महिना. दोनशे अकरा ओळी झरझर गेल्या. एकही अडकली नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

गारगोटीला एकदा विचारावं असं मनात आलं होतं. पण ट्रंककॉल लावून कुणी अर्धा दिवस बसायचं? आणि नियम चालतोय की.

संध्याकाळी ओळी कागदावर छापून घेतल्या. शालनची ओळ शोधली. देसाई शालन, पुढे वडिलांचं नाव. चोवीस रकान्यांत काही न तुटता बसलं. पुढे ५९०४०९, पुढे डी.एड., पुढे गुण. बोटानं ती ओळ दोनदा वाचली. साडेतीन हजार ओळींत ही एक माझी.

११ मार्च

पुण्याला जाऊन आलो. फ्लॉप्यांवरचं सगळं तिथं मोठ्या टेपवर चढवलं. यंत्र सांभाळणारे नृसिंहराव नावाचे गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले. टेप बराच वेळ फिरत होती. शेवटी कागद बाहेर आला: सर्व ओळी स्वीकारल्या, नाकारलेल्या शून्य.

"पहिल्याच फेरीला शून्य? वा!" नृसिंहराव म्हणाले. "पण हुरळू नका हं. याला खरंखोटं कळत नाही. रकाना भरलेला असला की झालं."

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. आनंदानं.

३० मार्च

शालनचं पत्र. शिरोळची मंडळी तिला बघून गेली. मुलाचं नाव बाळासो, घरची बागायत. "मी दादाला थांब म्हटले आहे. तुम्ही निकालाआधीच आलात तर बरे होईल." पत्रात ती पुस्तकी लिहिते, शिक्षिका ना.

निकाल पंधरा-वीस दिवसांवर आलाय. एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी रिकाम्या हातानं काय जायचं? तसं कळवलं.

१८ एप्रिल, शनिवार

यादी लागली. तीनदा वाचली. शालनचं नाव नाही.

सोबत नाकारलेल्यांची दुसरी यादी होती. त्यात आहे. कारण: वयोमर्यादा.

२० एप्रिल

अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वय चोरलं आसंल पोरीनं. लगीन लांबलं की चोरत्यात."

मी चिडलो. उठून बाहेर गेलो. पण तेव्हापासून डोक्यात तेच. सप्टेंबर म्हणाली होती. ओळीत मात्र ५९०४०९, म्हणजे नऊ एप्रिल. मी स्वतः बोट ठेवून वाचलंय. यंत्राला काय तिच्याशी वैर आहे? मग ती माझ्याशी खोटं का बोलली? पाच महिन्यांसाठी? पाच महिन्यांसाठी जी खोटं बोलते ती आणखी कशाकशासाठी बोलली असेल?

हे लिहिताना लाज वाटते. पण मनात आहे ते हेच आहे.

२६ एप्रिल, रविवार

शालन आली होती. स्टँडवरच भेटलो. डोळे सुजलेले. आल्या आल्या पिशवीत हात घातला.

"वयात बसत न्हाय म्हनं. कसं बसत न्हाय? शाळेचा दाखला घिऊन आलोय मी. बगा की."

"राहू दे," मी म्हणालो. "तुझी ओळ मी पाहिलीय. एप्रिल आहे तिच्यात."

"एप्रिल? कुनाचा एप्रिल?"

"यंत्रात तसं आहे."

तिचा हात पिशवीतच राहिला. थोड्या वेळानं रिकामाच बाहेर आला.

"मग मी खोटं बोललो म्हना की."

नाही म्हणायला हवं होतं. आजूबाजूला गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते. आम्ही दोघं अनोळखी माणसांसारखे उभे.

"येत्या रविवारी दादा शिरोळला सुपारी फोडायला जानार हाय," ती म्हणाली. "दुपारी दोनला निगंल. तवर आलासा तर या."

आणि गाडीत जाऊन बसली. खिडकीतून बघितलं नाही.

३ मे, रविवार

गारगोटीची गाडी आठला होती. जेवणाआधी पोचलो असतो. मग साडेनऊला होती. दाढी केली, शर्ट बदलला. अक्का म्हणाली, "कुटं निगालास?" मी म्हणालो, "कुठं नाही." साडेअकराचीही होती.

दोन वाजता कॉटवर पडून छताकडे बघत होतो.

१५ मे

पोस्टकार्ड. एकच ओळ. "चोवीस मे रोजी लग्न आहे, येऊ नये."

२४ मे

आज ऑफिसला सुट्टी. केंद्राची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून जाऊन बसलो. जुने कागद नीट लावले. सगळे लावून झाले तरी दुपारच होती.

२ जून, मंगळवार

आज सगळं क्रमानं लिहितो.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. पटका, हातात पिशवी, पायांत गुडघ्यापर्यंत धूळ. नाव केरबा, गारगोटीजवळच्या वाडीचे. मंडळाच्या कचेरीत त्यांना कुणी दाद दिली नाही. तिथल्याच एका शिपायानं आमचा पत्ता दिला.

"पावणं, तुमचं मशीन कुटं हाय? मला त्येच्याशी बोलायचं हाय."

मी त्यांना खुर्ची दिली.

"माजी लेक मास्तरीण हुनार हुती. वय जास्त हाय म्हनून काढली. मी सा येळा हेलपाटं घातलं, तवा एकानं कागद दावला. म्हनं जलम आट मेचा. आट मे कुठनं आला? पाच आगस्टला झाली ती. पाऊस मी म्हनत हुता, वड्याला पानी, सुईन आनायला मी पवत गेलतो. मला म्हाईत न्हाय व्हय?"

त्यांनी दाखला माझ्यापुढे ठेवला. ०५-०८-५९. पाच ऑगस्ट. आठ मे.

मी गारगोटीचे कागद काढले. बोट ठेवायचीही गरज नव्हती. गारगोटीच्या सगळ्याच तारखा दिवस आधी टाइप केलेल्या होत्या. बाराच्या वरचे दिवस तेवढे माझ्या नियमाला कळले. एक ते बारा तारखेला ज्यांचा जन्म, त्या साऱ्यांचा मी दिवसाचा महिना केला आणि महिन्याचा दिवस. बहुतेकांचं काही बिघडलं नाही. एकोणसाठ साली जन्मलेल्या पाच जणी मात्र त्यानं वयाच्या पलीकडे गेल्या.

०४-०९-५९. चार सप्टेंबर.

ती खरं बोलत होती. तिचा हात दाखल्यावर होता आणि मी राहू दे म्हणालो.

केरबा माझ्याकडे बघत होते. "काय झालं हो? पानी देऊ का तुमास्नी?" असं तेच मला विचारत होते.

३ जून

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"यादी लागली, नेमणुका निघताहेत. आता हे उकरलंस तर पुढचं काम कुणी देईल का आपल्याला?"

"साहेब, पाच जणींच्या नोकऱ्या गेल्यात."

"आणि तुझी? मी तुझ्या कायमच्या ऑर्डरवर सही करणार होतो या महिन्यात. एक म्हातारा आलाय, त्याचं एकट्याचं काहीतरी बघू. बाकीच्यांना माहीतसुद्धा नाही."

बाकीच्यांना माहीतसुद्धा नाही. हे खरंच आहे. शालनला वाटत असेल तिचा दाखलाच कुठंतरी चुकला. मी गप्प बसलो तर कधीच कळणार नाही कुणाला.

एक रात्र विचार करतो म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेवढं तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं.

४ जून

मंडळाच्या कचेरीत गेलो. गारगोटीचे कागद, माझा नियम आणि पाच जणींची नावं लिहून दिली. खाली सही केली. सहाव्या एकीचं नावही लिहावं लागलं: तिचं वय खरं जास्त होतं, माझ्या चुकीनं ती निवडली गेली होती. गगनबावड्याला तिची नेमणूक झालीय. ती यादीतून उतरणार. तिनं माझं काय वाकडं केलं होतं?

तिथल्या बाई अधिकाऱ्यांनी सगळं वाचलं. "हे स्वतःहून आणलंत?" एवढंच विचारलं.

२७ जून, शनिवार

दुरुस्त यादी लागली. पाचही नावं आहेत. केरबा पेढे घेऊन केंद्रात आले, तेव्हा मी तिथं नव्हतो. मला सोमवारीच काढलं. पेढे साहेबांनी घेतले म्हणे.

शालनला नेमणूक मिळाली: गगनबावडा, त्या उतरलेल्या बाईच्याच जागी. तेरा जुलैला हजर व्हायचं, नाहीतर जागा रद्द. पत्र गेलं असणार गारगोटीच्या पत्त्यावर, माहेरच्या.

लग्न झालेल्या बहिणीचं नोकरीचं पत्र भाऊ पुढे पाठवेल का? की फडताळात ठेवून देईल? काही सुचत नाही.

३० जून

आठच्या गाडीनं गारगोटीला गेलो.

हंबीरराव अंगणात वैरण तोडत होते. मी आडनाव सांगितलं. ते उभे राहिले, धोतराला हात पुसले, आत बघून चहा सांगितला. पत्र आलं होतं. ते उद्याच शिरोळला घेऊन निघणार होते. मी उगाच धावलो होतो.

मग मी तारखेचं सगळं सांगितलं. माझी चूक, माझा नियम. ते ऐकत होते.

"जोतीराम म्हंजे तुमीच न्हवं?" मग म्हणाले. "शालननं सांगितलं हुतं मला. फेब्रुवारीतच. 'दादा, एक जन येनार हाय, थांब' म्हनली. मी थांबलो. शिरोळकरांस्नी दोनदा म्होरली तारीख दिली. सुपारीच्या दिशी सुदिक दोनला निगायचं, तर चार वाजूस्तवर वट्ट्यावर बसलो हुतो मी. ती दारात. गाडी आली की वाटंकडं बगायची."

मला वर बघवेना.

"नोकरीचं आमाला काय पडलं न्हवतं, पावणं. मी काय इचारनार हुतो तुमास्नी? नीट नांदवशीला का, एवडंच."

चहा आणून दिला तो तिच्या आईनं, बनाबाईंनी. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. "साखर कमी पडली का?" म्हणाल्या. चार घोट कसेबसे प्यालो.

अडीच महिने मी यंत्राला दोष दिला, अक्काला दिला, शालनला दिला, गेला महिनाभर स्वतःच्या त्या नियमाला देतोय. तो नियम बरोबर असता तरीही मी त्या ओट्यावर गेलो नसतोच. तिच्या नावामागं नोकरी लागल्याशिवाय मला ती पदरात घ्यायची नव्हती. मला, अक्काला नव्हे.

१३ जुलै, सोमवार

जाऊ नये असं ठरवलं होतं. पण सकाळी सातलाच रंकाळा स्टँडवर होतो. गगनबावड्याची गाडी लागलेली. पाऊस धरून होता.

ती दोघं आली. तो उंच, सावळा, एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री. छत्री सगळी तिच्यावर, स्वतः भिजलेला. मी खांबाआड सरकलो, तेवढ्यात त्यानं मलाच हाक मारली.

"ओ पावणं, जरा हात लावता का? टपावर टाकायची हाय."

गेलो. शालननं मला पाहिलं. ट्रंक जड होती, पुस्तकंच असणार. तो शिडीवर चढला, मी खालून दिली. दोरी बांधता बांधता तो वरून मोठ्यानं सांगत होता, "बायकू मास्तरीण झालीया आमची! आई नगं म्हनत हुती, एवड्या लांब कुटं म्हनून. मी म्हनलं, शिकलीया ती, घरात बसून काय भाकऱ्याच थापायच्या? महिना-दोन महिन्यानं मी येत जाईन की." मग उतरून तिकिटाचं बघायला आत गेला.

आम्ही दोघं गाडीच्या दाराशी. किती वेळ मिळणार होता, दोन मिनिटं.

"दादानं सांगितलं समदं," ती म्हणाली. "नोकरी गेली न्हवं तुमची?"

"ते जाऊ दे. शालन, माझ्याकडून..."

"तारीख चुकली ती चुकली. मानसाकडनं हुतंय." तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "दाखला बगितला असतासा तर बरं झालं असतं. एवडंच वाटतंय बगा मला. नुसतं हातात घेऊन बगायचा हुता."

तिच्या पिशवीकडे बघत मी विचारलं,

"घरात चांगलं आहे ना सगळं?"

"चांगली हाईत मानसं." मग आत तिकीट काढणाऱ्या त्याच्या भिजलेल्या पाठीकडे बघून म्हणाली, "ह्ये लई चांगलं हाईत."

ते तिनं मला दुखवायला म्हटलं नव्हतं. ते खरं होतं आणि ती खरंच बोलते.

कंडक्टरनं घंटी मारली. ती पायरीवर चढली. आमच्याकडे घरातून निघताना, गाडीत बसताना बाई कधी जातो म्हणत नाही. येतो म्हणायची रीत आहे, परत येणार नसली तरी. शालननं दांडी धरून एकदा माझ्याकडे नीट बघितलं.

"जातो मी," म्हणाली.